मदत हवी आहे: मुलांना शाळेच्या निर्णयात कसं घ्यायचं?

नमस्कार मंडळी, मी डिचोली तालुक्यात हायस्कूलला नागरिकशास्त्र शिकवते. परवा नववीला १९६७चा जनमत कौल (गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा यावरचं मतदान) शिकवत होते, तर एक मुलगा म्हणाला, बाई, गोव्यात लोकांना विचारलं मग आम्हाला गणेश चवथीनंतरच्या गॅदरिंगची तारीखसुद्धा कोण विचारत नाही? वर्ग हसला, मी गप्प!! खरंच आहे ना, विद्यार्थी प्रतिनिधी आहेत पण त्यांचं काम काय तर खडू आणणं आणि रांगा सरळ करणं. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार भारताने १९९२ साली स्वीकारला, त्याच्या कलम १२ मध्ये स्पष्ट आहे की मुलांशी संबंधित बाबतीत त्यांचं मत ऐकून वयानुसार त्याला वजन द्यायचं. पण आमचे हेडमास्तर म्हणतात आज टाइमटेबल विचाराल, उद्या परीक्षाच नको म्हणतील.

मला वाटतं सुरुवात छोटी करावी, म्हणजे लायब्ररीच्या पुस्तकांचे थोडे पैसे कसे खर्चायचे ते मुलांना विचारायचं नाहीतर टॉयलेटच्या साफसफाईची तक्रार ऐकायची, आणि नाही म्हटलं तर का नाही ते मुलांना सांगायचंच. कोणाच्या शाळेत असं चालतं का? प्रतिनिधी गुप्त मतदानाने निवडता की नावाच्या चिठ्ठ्या उचलून, कारण मतदानात दरवेळी तीच बोलकी मुलं येतात. आणि पीटीएला (पालक-शिक्षक संघाला) कसं पटवलं तेही सांगा प्लीज, जून जवळ आलाय.