मदत हवी आहे: कोकणी (कोकणा आदिवासींची) बोली जाणणारे दुभाषी (नाशिक जिल्ह्यातले सुरगाणा, पेठ तालुके)

नमस्कार. पॉक्सो (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) प्रकरणांत ५ ते ७ वर्षांच्या, घरात फक्त कोकणी बोली बोलणाऱ्या मुलांचे जबाब घेताना दुभाषी लागतो. या कायद्याच्या कलम २६ मध्ये दुभाष्याची मदत घेण्याची तरतूद आहे, पण नाशिकमध्ये असा माणूस मिळत नाही. शेजारी किंवा नातेवाईक नकोत. मूल त्यांच्यासमोर गप्प बसतं, आणि आरोपी त्यांच्याच ओळखीतला असू शकतो.

मुख्य अडचण वेगळीच आहे. जबाब घेताना आपण विचारतो, "काय झालं ते सगळं सांग." दुभाषी मायेपोटी विचारतो, "त्याने तुला हात लावला का?" इथेच जबाब सूचक (उत्तर सुचवणाऱ्या) प्रश्नाने बिघडतो, आणि उलटतपासणीत पहिला हल्ला त्यावरच होतो. मूल अडखळलं की तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो; मग आधीचं उत्तर चुकलं असं वाटून मूल उत्तर बदलतं. हे फार जीवाला लागतं.

म्हणून विचारते:
१. शिक्षिका, आशाताई यांच्यापैकी कुणी तयार होईल का? मुलाच्या गावाबाहेरच्या हव्यात.
२. जबाबाआधी सणाबद्दल किंवा खेळाबद्दल दहा मिनिटं खुल्या प्रश्नांचा सराव दुभाष्यासकट कुणी घेतला आहे का? कसा जमला?
३. ध्वनिचित्रमुद्रणात दुभाष्याचा आवाज स्पष्ट यावा म्हणून माइक कुठे ठेवता?

मुलाची ओळख पटेल असं काहीही इथे लिहू नका.