दुबईत डॉल्फिनबरोबर पोहण्याचे ५८ हजार द्यावेत का?

मुलुंडची आई

नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दुबईला चाललोय: मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि सासूबाई. दोन वर्षं आरडी भरून पैसे जमवलेत. पाच रात्रींचं सगळं धरून सव्वातीन लाखांपर्यंत जातंय. काल एजंटने डॉल्फिनबरोबर पोहण्याचा कोट पाठवला. आम्हा तिघांचे ५८ हजार. सासूबाई नुसत्या काठावर बसणार, तरी त्यांचं तिकीट वेगळं.

लेकीला डॉल्फिनचं वेड आहे. राणीच्या बागेत पेंग्विन बघायला गेलो होतो, तेव्हा काचेला नाक लावून इतका वेळ उभी होती की मागचे लोक कुरकुरायला लागले. घरी येताना भायखळा स्टेशनवर तिने विचारलं, डॉल्फिन कुठे बघायला मिळतात? मी बोलून गेले, दुबईला दाखवू. तेव्हापासून ती दिवस मोजतेय.

नवरा म्हणतो, एवढ्या लांब काय रोज जातोय, होऊ दे खर्च. मला त्या आकड्यात तिची वर्षाची स्कूलबस आणि क्लासची फी दिसते. नणंद म्हणाली की त्या प्राण्यांचे हाल असतात. ते खरं असेल तर मला कळायला हवं. पण आधी ज्यांनी स्वतः हे केलंय त्यांनी सांगा, पाण्यात नक्की काय होतं? पोराला किती वेळ मिळतो?

ठाणे पूर्व

आम्ही गेल्या वर्षी केलं. माझ्या मते करा. मुलगा अजून शाळेत सगळ्यांना सांगतो. पैसे पुन्हा कमावता येतात, मुलांचं ते वय परत येत नाही. फोटो मात्र महाग आहेत, तेवढं बजेट वेगळं ठेवा.

प्रभादेवीकर

ताई, तुम्ही नेमका प्रश्न विचारलाय म्हणून सविस्तर लिहितो.

मे २०१८ मध्ये आम्ही दुबईला गेलो होतो, मुलगा तेव्हा आठ वर्षांचा. आमचं बुकिंग दीड तासाचं होतं. त्यातला सुरुवातीचा वेळ नोंदणी, लॉकर, अंगाला घट्ट बसणारा तो रबरी पोशाख चढवणं आणि एक माहितीपट यात गेला. मग शॉवर. मग दहा जणांचा गट करून कमरेएवढ्या पाण्यात अर्धवर्तुळात उभं केलं. ‘पोहणं’ हा शब्द त्या तिकिटावर आहे, पण आमच्या पॅकेजमध्ये कोणीही पोहलं नाही. खोल पाण्यातलं वेगळं, त्याचा दर वेगळा. तुमच्या कोटमध्ये कुठलं आहे ते एजंटला आजच विचारा.

एक मादी डॉल्फिन आली. ट्रेनर एकेकापाशी तिला आणायची. गालाला तोंड लावायचं, तिचे पुढचे पर धरून नाच, पोटावरून हात फिरवायचा, फोटोसाठी कॅमेऱ्याकडे बघायचं, पुढचा. प्रत्येक कृतीनंतर शिट्टी, आणि शिट्टीनंतर बादलीतला मासा. फोन आत नेता येत नाही, म्हणून फोटो त्यांचेच घ्यावे लागतात. फोटो आणि व्हिडिओ मिळून आम्ही ६०० दिरहम दिले, तेव्हाचे ११ हजार रुपये. घरी आल्यावर त्याच व्हिडिओवर मी मोजलं. माझ्या मुलाच्या वाट्याला डॉल्फिन आली ती चार मिनिटांपेक्षा थोडी कमी.

ती चार मिनिटं खोटी नव्हती, हेही सांगतो. तिची कातडी हाताला लागली तो स्पर्श मला आजही आठवतो. उकडलेलं अंडं सोलल्यावर हाताला जसं लागतं ना, गार, गुळगुळीत, जरा दबणारं, अगदी तसं. मुलाचा चेहरा उजळून निघाला होता. ‘ठाणे पूर्व’ म्हणतात तो आनंद खरा आहे.

पण त्याच वेळी मुलाने तिच्या पाठीवर बोट ठेवून विचारलं, “बाबा, हिला कोणी ओरबाडलंय?” पाठीवर आणि पराच्या कडेला पांढरट, एकमेकींना समांतर रेघा होत्या, कंगवा ओढल्यासारख्या. ट्रेनर म्हणाली, ते आपसात खेळतात. नंतर मी वाचलं. त्या दुसऱ्या डॉल्फिनच्या दातांच्या खुणा असतात. मोकळ्या समुद्रातल्या डॉल्फिनच्या अंगावरही त्या दिसतात, त्यामुळे नुसत्या रेघांवरून मी कोणावर आरोप करणार नाही. फरक इतकाच की समुद्रात मार खाणारा दूर निघून जातो, दिवसाला कित्येक किलोमीटर तो तसाही पोहत असतो. तलावात तो जाणार कुठे? आमचा गट बाहेर आल्यावर मी काठावर उभा राहून बघत होतो. पुढचा गट येईपर्यंत ती एकाच बाजूने कडेकडेने फिरत राहिली. आणि तिचं ते हसू! डॉल्फिनच्या जबड्याची ठेवणच तशी असते. आजारी असला तरी तो हसतानाच दिसतो.

तुमच्या नणंदबाईंच्या मुद्द्याबद्दल. आपल्याकडे मे २०१३ मध्ये केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने डॉल्फिनचे खेळ करायला डॉल्फिनेरियम, म्हणजे डॉल्फिन ठेवायचे तलाव, उघडण्यास परवानगी द्यायची नाही असं राज्यांना कळवलं. १९९८ मध्ये चेन्नईजवळ बल्गेरियातून डॉल्फिन आणले होते, ते काही महिन्यांतच मेले होते. दुबईचं म्हणाल तर २००७ मध्ये सॉलोमन बेटांजवळच्या समुद्रात पकडलेले २८ डॉल्फिन विमानाने तिथे नेले गेले, त्यावर तेव्हा जगभर टीका झाली होती. सगळीकडचे असेच पकडून आणलेले असतात असं नाही, अनेक बंदिवासातच जन्मलेले असतात. पण जन्म तिथला म्हणून तलाव काही मोठा होत नाही. ट्रिपअ‍ॅडव्हायजरने २०१९ मध्ये अशा बहुतेक ठिकाणांची तिकिटं विकणं बंद करायचं ठरवलं, एक्सपीडियाने २०२१ मध्ये. तिकिटांवर कमाई करणाऱ्या कंपन्या इतक्या सहजी कमाई सोडत नाहीत.

मला हे जाण्याआधी कळलं असतं तर मी गेलो नसतो. पैसे गेले याचं दुःख दुय्यम. मुलाला प्राण्यांची आवड लागावी म्हणून नेलं आणि त्याने पहिला प्रश्न त्या ओरखड्यांचा विचारला, त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते मनात राहिलं.

मुलुंडची आई

दादा, इतकं मनापासून लिहिलंत, धन्यवाद. एजंटला विचारलं. आमचंही उथळ पाण्यातलंच आहे. नवऱ्याला तुमचा प्रतिसाद वाचायला दिला, तो चार मिनिटांवर अडकला. म्हणाला, म्हणजे मिनिटाला जवळजवळ पाच हजार?

पण लेकीला शब्द दिलाय. समुद्रातल्या मोकळ्या डॉल्फिनबरोबर पोहायला नेतात म्हणे मॉरिशसला. पुढे कधीतरी ते केलं तर बरं का?

विलेपार्ले_सुजाता

मॉरिशसला आम्ही केलंय, तामारिनच्या उपसागरात. तलावापेक्षा बरं असेल या भावनेने गेले होते. सकाळी सात वाजता तिथे इतक्या बोटी की डॉल्फिनांचा कळप दिसला रे दिसला की सगळ्या तिकडेच वळायच्या. आमचा माणूस ओरडायचा, “उडी मारा, उडी मारा!” मी तीनदा उडी मारली. तिन्ही वेळा दिसल्या त्या लांब जाणाऱ्या शेपट्या.

त्यात एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही. तिथले स्पिनर जातीचे डॉल्फिन रात्री खोल समुद्रात शिकार करतात आणि सकाळी उथळ, शांत पाण्यात झोपायला येतात. म्हणजे आपण नेमके त्यांच्या झोपेच्या वेळी जाऊन पाण्यात उड्या मारतो. याच कारणाने हवाईत २०२१ पासून स्पिनर डॉल्फिनच्या ५० यार्डांच्या आत जायला बंदी आहे. मी दोन लेकरांची आई आहे, रात्रपाळी करून आलेल्या माणसाला झोपेतून उठवायचं नसतं एवढं मला कळतं. परत नाही जाणार.

वरळी कोळीवाडा

डॉल्फिन बघायला दुबई लागत नाही हो. आपल्या मुंबईच्या दर्यात आहेत. पाठीवर उंचवटा असलेले, करड्या रंगाचे. हम्पबॅक म्हणतात त्यांना. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात राहतात, म्हणून आपल्या माणसांचा त्यांना त्रासही जास्त होतो, सांडपाणी, बोटी, जाळी. जगात ही जात आता धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दक्षिण मुंबईच्या किनाऱ्यावरून दिसले तेव्हा पेपरात आलं, डॉल्फिन परत आले म्हणून. अहो ते गेलेच नव्हते. आमचे बाबा लहानपणापासून बघतायत.

दोन वर्षांपूर्वी आमच्या जाळ्यात एक पिल्लू अडकलं. डॉल्फिनला श्वास घ्यायला वर यावं लागतं, जाळ्यात अडकला की बुडून मरतो. बाबांनी सुरा घेतला आणि जाळं कापलं. मी मोबाइलवर व्हिडिओ घेतला, कारण २०१८ पासून सरकारची योजना आहे. संरक्षित प्राणी सोडवताना जाळं कापावं लागलं तर २५ हजारांपर्यंत भरपाई मिळते, पण पुरावा द्यावा लागतो. पिल्लू सुटल्यावर दहाएक वावांवर (वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होतं तेवढं अंतर) त्याची आई वर आली, दोघं बाजूबाजूने गेली. बाबा नंतर बराच वेळ गप्प होते. घरी आल्यावर आईला म्हणाले, “आज जाळा गेला, पन बरा झाला.”

लेकीला एकदा कोळीवाड्यात घेऊन या. दिसतीलच असं मी सांगणार नाही, पण बाबा तिला गोष्टी सांगतील.

प्रभादेवीकर

वरळीचे भाऊ, तुमच्या बाबांना माझा मनापासून नमस्कार सांगा.

ताई, तुम्ही दिलेल्या शब्दाबद्दल. जानेवारी २०२३ मध्ये आम्ही मुलाला मालवणजवळ देवबागला नेलं. दादरहून तुतारी एक्सप्रेसने कुडाळ, तिथून रिक्षा. सकाळी साडेसहाला होडी ठरवली. आधी दोन ठिकाणी विचारलं होतं, दोघंही म्हणाले, “शंभर टक्के दाखवू, जवळ नेऊ.” तिसरे काका म्हणाले, “दिसले तर दिसतले, पाठी धावूचा नाय.” आम्ही त्यांच्याच होडीत बसलो.

बाहेर समुद्रात त्यांनी इंजिन बंद केलं. पाऊण तास काही नाही. बायको थंडीने शाल गुंडाळून बसली होती. मुलगा तेरा वर्षांचा, त्याने मोबाइल काढला आणि परत खिशात ठेवला. मग आधी आवाज आला. “फुस्स” असा, प्रेशर कुकरची शिट्टी सुटायच्या आधी वाफ निघते तसा. डावीकडे वीस-पंचवीस हातांवर एक करडी पाठ वर आली, कुबडासकट, आणि गेली. पुन्हा फुस्स. तीन होते. खेळातल्यासारखी उंच उडी त्यांनी मारली नाही. चोच वर, मग पाठ, मग शेपटी, बस. तो श्वास त्यांचा स्वतःचा होता, कोणी शिट्टी वाजवली म्हणून घेतलेला नव्हता. मुलाने माझा दंड धरला होता. होडी किनाऱ्याला लागेपर्यंत त्याने तो सोडला नाही. तेरा वर्षांचा मुलगा बापाचा हात असा धरत नाही.

माणशी चारशे रुपये दिले होते तेव्हा. दुबईच्या फोटोंच्या पैशात आमची अख्खी देवबागची ट्रिप झाली, राहण्याजेवणासकट.

होडी ठरवताना एवढंच बघा: डॉल्फिन दिसल्यावर वेग कमी करणारा, पिल्लू आणि आई यांच्या मध्ये होडी न घालणारा, आणि खात्री न देणारा माणूस. पावसाळ्यात होड्या बंद असतात. दिवाळीनंतर जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत सकाळी समुद्र शांत मिळतो.

ठाणे पूर्व

मी वर ‘करा’ लिहिलं होतं. ओरखड्यांचं वाचून आमचे फोटो पुन्हा उघडून बघितले. आहेत. तेव्हा लक्षच गेलं नव्हतं. मुलाला झालेला आनंद मी नाकारत नाही, पण आता कोणाला ‘करा’ म्हणणार नाही.

मुलुंडची आई

काल रात्री लेकीशी बोललो. जेवणं झाल्यावर नवऱ्यानेच विषय काढला. दुबईला जायचं आहे, वाळवंट बघायचं, बुर्ज खलिफा बघायचा, पण डॉल्फिन तिथे नाही. तिचे डोळे भरले. मी ओरखड्यांचं सांगितलं, आणि वरळीच्या पिल्लाचं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, “देवबागच्या डॉल्फिनला हात लावता येईल?” मी म्हटलं, नाही. “मग त्याला कळेल का मी आलेय ते?” नवरा म्हणाला, होडीचा आवाज त्याला आपल्याआधी ऐकू येतो, तेव्हा नक्की कळेल. यावर ती कबूल झाली. पूर्ण खूश नाही, खोटं कशाला लिहू. आज सकाळी वहीवर देवबागला किती दिवस उरलेत ते नव्याने मोजत होती.

एजंटला कळवून टाकलं. जानेवारीच्या शेवटच्या शनिवार-रविवारचं ठरवतोय. दादा, एकच विचारायचं होतं. सासूबाईंचे गुडघे दुखतात. होडीत चढताना पाण्यातून जावं लागतं का?

प्रभादेवीकर

समुद्राच्या बाजूने चढलात तर गुडघाभर पाण्यातून जावं लागतं, आणि लाटेत होडी हलते. देवबागला एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी आहे. खाडीच्या बाजूने चढवा, तिथे पाणी संथ असतं. होडीवाल्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की आजी बरोबर आहेत, तो फळी लावतो. आणि त्यांच्यासाठी शाल घ्या, सकाळी गार वारा असतो.