अनुभव धागा : बिनलग्नाच्या पोरांनी सांभाळलेली बाळं

परवा ‘बाळाचे बाप ब्रह्मचारी’ पुन्हा पाहिला. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे, १९८९. याच वळणाचा फ्रेंच चित्रपट १९८५ साली आला, त्यावरून दिग्दर्शक लिओनार्ड निमॉयने १९८७ साली अमेरिकेत ‘थ्री मेन अँड अ बेबी’ केला, आणि आपल्या रितेश देशमुखचा हिंदी ‘हे बेबी’ २००७चा. अमेरिकन चित्रपटातला एक प्रसंग मला फार आवडतो. त्यातला नट टॉम सेलेक बाळाला बॉक्सिंगचा मजकूर मऊ आवाजात वाचून दाखवतो. काय वाचतोय ते महत्त्वाचं नाही, सूर महत्त्वाचा, असं त्याचं म्हणणं. अगदी खरं आहे ते! पण पुरुषाला बाळ सांभाळता येतच नाही, हे गृहीत धरून यातले बरेचसे विनोद रचलेले असतात. तिथे माझं या चित्रपटांशी भांडण आहे. ठाणे-नवी मुंबईत भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या पोरांवर अशी वेळ आलेली तुम्ही पाहिली असेल. सविस्तर लिहा.

ऐरोलीहून, एक आई

२६ जुलै २००५. मुलगी सात महिन्यांची. मी फोर्टला ऑफिसात, नवरा पुण्याला. आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक काकू पाळणाघर चालवायच्या, मुलगी त्यांच्याकडे. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. लोकल बंद, फोन लागेना. दूध साठून छाती दगडासारखी झाली होती आणि घरी काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता.

काकूंच्या घरात पाणी शिरलं. काकूंनी अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सासूबाईंना हलवायचं की बाळ बघायचं? दुसऱ्या मजल्यावर इंजिनिअरिंगची चार मुलं राहायची. त्यांनी आजींना खुर्चीसकट वर उचलून नेलं आणि माझी लेकही ताब्यात घेतली. काकू रात्रभर आजींपाशी, लेक पोरांपाशी. त्यांनी मऊ भात शिजवून, मोडून, वरणाच्या पाण्यात कालवून भरवला. दुपटी संपल्यावर एकाने आपली धुतलेली सुती लुंगी फाडली. वीज नव्हती, म्हणून मच्छरांसाठी आळीपाळीने वहीने वारा घालत बसले.

दुसऱ्या दिवशी पोचले तेव्हा ती एकाच्या खांद्यावर गाढ झोपली होती आणि तो भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपला होता. जर्नलच्या पानावर त्यांनी सगळी नोंद ठेवली होती : ‘९.४० भात, सहा चमचे. ११.१५ शू. १.०५ रडली, खिडकीतून पाऊस दाखवला, थांबली.’ ते पान माझ्या कपाटात आहे. त्यातल्या एका दादाला ती अजून राखी बांधते.

कोपरखैरण्याहून, मामा

ताई डेंग्यूने आयसीयूत, भावोजी बोटीवर. आई गावाहून येईपर्यंत तीन महिन्यांचा भाचा आम्हा रूममेटांकडे. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, वरचं पाणी, मध, गुटी काही नाही. पावडरचं दूध डब्यावरच्या मापानेच, पाणी उकळलेलं, उरलेलं दूध ओतून टाकायचं. वाटी-चमचा दर वेळी उकळायचा. ढेकर काढायला शेजारच्या आजींनी शिकवलं : “मामा, मान धर आधी, मग पाठीवर हात.” आम्ही तिघेही त्यांच्यासमोर करून दाखवल्याशिवाय त्या उठल्या नाहीत.

रात्रीची पाळी कोल्हापूरच्या मित्राने मागून घेतली. कॉल सेंटरच्या नोकरीने त्याला रात्री जागायची सवय होती, आणि या कामासाठी त्याने चक्क सुट्टी टाकली. अंगाई एकही येत नव्हती. तो बाळाला छातीशी धरून तोंडाने हलगीचा ठेका हळूहळू धरायचा, आणि बाळ त्यावरच झोपायचं. ताई बरी होऊन घरी आली, तरी भाच्याला झोपवायला तिला तो ठेका शिकावा लागला. या मित्राचं ऋण आमच्या घरावर कायमचं आहे.

ठाण्याहून, परिचारिका

मी लहान मुलांच्या वॉर्डात काम करते. वाचणाऱ्या काका-मामांसाठी दोन गोष्टी. बाळाला उताणं झोपवा, डोक्याखाली उशी नको. रडणं थांबेना आणि आपलंच डोकं फिरायला लागलं, तर त्याला पाळण्यात नीट ठेवून दोन मिनिटं बाहेर जा, पण गदागदा हलवू नका; मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. बाकी, अशी माहिती वहीत लिहून घेणारे बहुतेक पुरुषच असतात, हे मी रोज पाहते.

नौपाड्याहून, काका

दादा-वहिनी दोघेही कामावर, म्हणून संध्याकाळी पुतणीला बाबागाडीतून तलावपाळीला मीच नेतो. होड्या दिसल्या की हात हलवते. लोक थांबून विचारतात, “आई कुठाय हिची?” प्रेमानेच विचारतात, तरी दर वेळी लागतं. याहून मोठी अडचण वेगळी आहे. एका मॉलमध्ये बाळाचे कपडे बदलायचं टेबल फक्त बायकांच्या स्वच्छतागृहात आहे. मला ते बेसिनशेजारच्या ओल्या कट्ट्यावर दुपटं पसरून करावं लागलं. व्यवस्थापकांना लेखी अर्ज द्यायचा आहे. सह्या करायला कोण कोण येतंय, ते इथेच सांगा.