कॉगिंग टॉर्कच्या आलेखावरील दाते: मोटरचे की मेशचे?

प्रश्न

नमस्कार. १२ स्लॉट आणि १० ध्रुवांच्या कायमचुंबकी मोटरचे द्विमितीय फायनाइट एलिमेंट मॉडेल (छेदाची लहान त्रिकोणांच्या जाळीत, म्हणजे मेशमध्ये, विभागणी करणारे) मी तयार करत आहे. रोटरची बाह्य त्रिज्या २५ मिमी आणि एअर गॅप (रोटर आणि स्थिर स्टेटर यांमधील हवेची फट) ०.८ मिमी आहे. गॅपच्या मधल्या थरात मूव्हिंग बँड (फिरता आणि स्थिर मेश जोडणारा त्रिकोणांचा पट्टा) ठेवून त्याच्या दोन्ही कडांचे ७०० समान भाग केले आहेत. रोटर दर पायरीला ०.१ अंश फिरतो आणि त्या थरातील त्रिकोण प्रत्येक वेळी नव्याने जोडले जातात. वाइंडिंगमध्ये प्रवाह नसताना काढलेल्या टॉर्कच्या, म्हणजे चुंबक आणि स्लॉटमधील दातांच्या ओढीतून येणाऱ्या कॉगिंग टॉर्कच्या, आलेखात मुख्य लहरीवर दर अर्ध्या अंशाच्या आसपास दाते दिसतात. ते खरे मानावेत का? तसेच अर्धेच मॉडेल घेतले तर चालेल का?

उत्तर १

हे दाते मेशचे आहेत. कॉगिंग टॉर्कचे आवर्तन स्लॉट आणि ध्रुव यांच्या संख्यांच्या लसाविवरून ठरते. १२ आणि १० यांचा लसावि ६०, म्हणून आपल्या मोटरमध्ये ते ६ अंशांचे असायला हवे. याउलट ३६० भागिले ७०० म्हणजे ०.५१४ अंश, आणि दाते नेमके त्याच अंतराने येत आहेत. एक घटक सरकेपर्यंत बँडमधील त्रिकोण तिरके होत जातात व पुढच्या नोडशी (त्रिकोणांच्या शिरोबिंदूशी) जोडणी होताच पूर्ववत होतात. त्यातून क्षेत्रात येणारी लहानशी चूक एरवी खपून जाते. परंतु कॉगिंग टॉर्क ही मोठ्या, परस्परविरुद्ध बलांची वजाबाकी असल्यामुळे तिथे ती ठळकपणे वर येते.

कडांचे १४४० भाग करून पायरी ०.२५ अंशाची ठेवावी, म्हणजे दर वेळी नोडसमोर नोड येईल आणि एका आवर्तनात २४ बिंदू मिळतील. टॉर्कही एकाच वर्तुळावर न काढता, आर्कियो यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या पद्धतीप्रमाणे, गॅपमधील संपूर्ण कड्यावर सरासरी घेऊन काढावा.

उत्तर २

वरील सल्ला योग्य आहे, मात्र अशा जुळवलेल्या पायरीने चूक नाहीशी होत नाही, ती प्रत्येक पायरीला जवळपास सारखी होते आणि म्हणून आलेखात दिसत नाही. त्यामुळे ६ अंशांवरील सरासरी शून्याजवळ येते का, आणि गॅपमधील थर वाढवल्यावर शिखरमूल्य बदलते का, हे तपासल्याशिवाय आकड्यावर विसंबू नये. शिवाय मोटर स्थिर अवस्थेतून सुरू होताना वेग यांत्रिक समीकरणातून येतो व पायरीचा कोन आपल्या हाती राहत नाही. तिथे दोन्ही बाजूंचे न जुळणारे मेश लाग्रांज गुणकांनी किंवा मॉर्टर पद्धतीने (दोन्हींत नोड समोरासमोर नसले तरी सीमेवर क्षेत्र गणिती अटीने जुळवले जाते) जोडणे मला अधिक भरवशाचे वाटते.

उत्तर ३

अर्धे मॉडेल चालेल. त्यात ६ स्लॉट आणि ५ ध्रुव येतात. ध्रुवांची संख्या विषम असल्यामुळे दोन्ही सीमांवर व्हेक्टर पोटेन्शियलची (ज्यावरून चुंबकीय क्षेत्र काढले जाते त्या राशीची) चिन्हे परस्परविरुद्ध ठेवावी लागतात. रोटरचे जे नोड स्टेटरच्या सीमेपलीकडे जातात, ते दुसऱ्या टोकाला जोडतानाही चिन्ह उलटवावे लागते, आणि नेमके हेच बँडच्या जोडणीत राहून जाते. चिन्ह राहून गेले असेल तर रोटर पुढे जाऊ लागताच सीमेजवळच्या क्षेत्ररेषा विस्कटतात आणि ६ अंशांच्या अंतरावरील टॉर्कची मूल्ये एकमेकांशी जुळत नाहीत.