बेर्निएला बोसच्या मतदारांनी पाडलं, की तो आपल्याच कर्माने पडला?

ओसरी

आधी नावाचा घोळ मिटवतो. हे बोस म्हणजे नेताजी नव्हेत. कॅनडात क्वेबेक शहराच्या दक्षिणेला, शोदिएर नदीच्या खोऱ्यात बोस नावाचा मुलूख आहे. खाली थेट अमेरिकेच्या मेन राज्याची हद्द लागते. शंभरातले पंच्याण्णवपेक्षा जास्त लोक फ्रेंच बोलणारे. दूध, डुकरं, मेपलचा पाक आणि गावोगावचे कारखाने, यांवर पोट.

इथला माजी खासदार माक्सिम बेर्निए. २००६ मध्ये कॉन्झर्वेटिव्ह पक्षातर्फे ६७ टक्के मतं घेऊन आला. २००८ च्या मे महिन्यात गोपनीय सरकारी कागदपत्रं मैत्रिणीच्या घरी विसरल्यामुळे परराष्ट्रमंत्रिपद गेलं आणि ऑक्टोबरात हा पठ्ठ्या पुन्हा ६२ टक्क्यांनी निवडून! २०११ मध्ये नवलोकशाही पक्षाच्या लाटेत क्वेबेक प्रांताच्या ७५ पैकी ५९ जागा वाहून गेल्या, तरी बोस जागचं हललं नाही. मग २०१८ मध्ये त्याने स्वतःचा पीपल्स पार्टी काढला आणि २०१९ मध्ये त्याच बोसने त्याला २८ टक्क्यांवर आणून घरी बसवलं.

बोसचे लोक माणूस बघून मत देतात, असं जो तो सांगतो. मला ते पटत नाही. त्यांनी मत दिलं ते दुधाला. बेर्निए दुधाच्या कोट्याच्या मुळावर उठला होता. समोर कॉन्झर्वेटिव्ह पक्षाने कोणाला उभं केलं? रिशार लेऊ, सँ-एल्झेआरचा माजी महापौर, दूधधंद्यातल्या घरातला. तो ३८ टक्क्यांच्या वर गेला. यात व्यक्तिपूजा कुठे दिसते?

निवडणूकवेडा

ओसरी, तुमच्याच आकड्यांनी तुमचा मुद्दा पाडतो. २०१९ मध्ये पीपल्स पार्टीला देशभरात किती मतं पडली? १.६ टक्के. बोसमध्ये २८. वरची सगळी मतं कोणाची? पक्षाची तर नक्कीच नाहीत.

आणि बाप विसरलात. जिल बेर्निए, आधी रेडिओवरचा आवाज, १९८४ पासून इथला खासदार. १९९३ मध्ये त्याच्यावर खटला चालू होता म्हणून पक्षाने तिकीट नाकारलं. गडी अपक्ष उभा राहिला आणि निवडून आला. पुढे खटल्यातून निर्दोषही सुटला. त्या निवडणुकीत त्याच्या जुन्या पक्षाचे साऱ्या देशात मिळून दोन खासदार आले होते, दोन! याला व्यक्तिपूजा म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

ओसरी

बाप अपक्ष जिंकला, मुलगा स्वतःच्या पक्षातून हरला. नाव तेच, गाव तेच. बदललं काय? दूध. २०१५ मध्ये ५९ टक्के होते, चार वर्षांत निम्मे पळाले.

कागलकर

आमच्याकडे दूध संघाच्या राजकारणात आमदारक्या घडतात आणि बुडतात, त्यामुळे ओसरींचं पटतं. पण हा कोटा म्हणजे नेमकं काय? आपल्यासारखा खरेदीदर?

शंकासुर

नाही हो, तिथेच गंमत आहे. आपल्याकडे कोणीही म्हैस घेऊन डेअरीवर कॅन लावू शकतो. कॅनडात दूध, कोंबडी, अंडी यांचं उत्पादनच ठरवून दिलेलं. बाहेरून ठरलेल्या मर्यादेपलीकडे दूध आलं तर दोनशे टक्क्यांहून जास्त कर. आणि कोटा विकत घ्यावा लागतो. रोज एक किलो स्निग्धांश विकण्याच्या हक्काला क्वेबेकात २४,००० डॉलर. म्हणजे ढोबळमानाने एका गाईमागे. गाय वेगळी, गोठा वेगळा, हा नुसता हक्क. साठ गाईंचा गोठा असेल तर हिशेब तुम्हीच करा.

लोकांनी कर्ज काढून हा कोटा घेतलाय. निम्म्या संसाराची पुंजी त्यात. बेर्निए म्हणत होता, ही व्यवस्था ग्राहकाला लुटते, मोडा. भरपाई देऊ असंही तो म्हणाला, पण गोठ्यातल्या माणसाला ऐकू काय आलं असेल? तुझी जमीन उद्यापासून सातबाऱ्यावर नाही.

(अर्थशास्त्र म्हणून तो चूक नव्हता, हे माझं मत. दगड मारू नका.)

मॉन्ट्रियलची माई

इथे बसून वाचतेय आणि हसू येतंय. बाळांनो, बोसमध्ये काय प्रत्येक घरी गाय आहे? गोठेवाले मूठभर. बाकीचे खिडक्या-दारं, ट्रकचे सांगाडे, केक-बिस्किटं बनवणाऱ्या कारखान्यांत. २०१९ मध्ये तिथे बेकारी जवळजवळ नव्हतीच, कामाला माणूस मिळत नव्हता. मालक मंडळी परदेशांतून कामगार आणत होती. अशा वेळी बेर्निए प्रचार कशाचा करतो? बाहेरून येणारी माणसं कमी करा! कारखानदार, ज्यांच्या जिवावर हा उद्योगस्वातंत्र्याच्या गप्पा मारायचा, तेच गोंधळले. तुम्ही सगळे दूध दूध करताय, पण मतपेटीत कारखान्याचा भोंगाही वाजला असणार.

दुसरं, फ्रेंच बोलणारे म्हटलं की फुटीरवादी, असं भारतात बसून वाटतं. ब्लॉक केबेक्वा हा क्वेबेकच्या स्वातंत्र्याचा पक्ष बोसमध्ये एकदाही जिंकलेला नाही. १९९३ मध्ये क्वेबेकात त्याच्या ५४ जागा आल्या, त्यातही बोस नाही. भाषेवरून मत ओळखू नका.

निवडणूकवेडा

माई, कारखान्याचं मान्य. म्हणजे दुधाची गोष्ट अर्धीच, एवढं ओसरींनी लिहून द्यावं.

शंकासुर

आणि "बोस म्हणजे कायमचे कॉन्झर्वेटिव्ह" हेही खोटं. १९९७ ते २००६ लिबरल खासदार होता, क्लोद द्रुएँ. त्याही आधी १९७९ मध्ये फाब्याँ र्‍वा, सोशल क्रेडिट पक्षाचा नेता. बँकांना शिव्या आणि माणसागणिक पैसे वाटा, असा तो गावाकडचा पक्ष. सहा खासदार आले होते, एक फुटून सरकारात गेला. डिसेंबरात पंतप्रधान जो क्लार्कच्या अल्पमतातल्या सरकारचा अर्थसंकल्प आला, त्यात पेट्रोलवर गॅलनला १८ सेंट कर. र्‍वाचं म्हणणं, त्यातला पैसा क्वेबेकला द्या. दिला नाही. पाचही जण मतदानाला तटस्थ. सरकार १३९ विरुद्ध १३३ ने कोसळलं.

शाबासकी मिळाली? छे. दोन महिन्यांनी, १९८० च्या निवडणुकीत बोसने र्‍वाला पाडून लिबरल निवडला. पक्षाध्यक्ष असला म्हणून त्याला पाडायला बोसचे लोक कचरत नाहीत, बेर्निए दुसरा.

ओसरी

हे माहीत नव्हतं, शंकासुर. पण माझा एक आकडा कोणी खोडून दाखवत नाही. २०१७ मध्ये कॉन्झर्वेटिव्ह पक्षाच्या नेतेपदाची निवडणूक. बेर्निए ४९, अँड्र्यू शीर ५१. आणि खुद्द बोसच्या पक्षसदस्यांत? तिथेही शीरच पुढे! कारखाना, परदेशी कामगार, वेगळा पक्ष, यातलं काहीच तेव्हा नव्हतं. होतं फक्त दूध. निकालानंतर पत्रकारांच्या मेजवानीत शीर व्यासपीठावर दुधाचा खोका तोंडाला लावून उभा राहिला, आता बोला.

निवडणूकवेडा

बोलतो. नेतेपदाला मत देणारे म्हणजे वर्गणी भरलेले सदस्य, सगळा मतदारसंघ नव्हे. कोटा वाचवायला कित्येक शेतकऱ्यांनी त्याच वर्षी पावती फाडली. बेर्निए त्यांना खोटे कॉन्झर्वेटिव्ह म्हणाला. दूध संघाच्या निवडणुकीआधी सभासद कसे वाढतात, कागलकरांना विचारा.

कागलकर

मला मध्ये ओढू नका राव. पण हो, वाढतात.

मॉन्ट्रियलची माई

आणि ओसरी, २०२१ चं काय? तेव्हा भांडण लसीचं होतं, दुधाचं नाव नव्हतं. तुमच्या हिशेबाने गोठेवाले सोडून बाकी मतं त्याच्याकडे परत यायला हवी होती. तो १८ टक्क्यांवर घसरला आणि लेऊ ४८ वर गेला. २०२५ मध्ये तर त्याला दहा टक्केही नाहीत.

ओसरी

परत येतील कशी माई? एकदा लेऊने गावात बस्तान बसवलं की संपलं.

निवडणूकवेडा

म्हणजे माणूस बघून मत दिलं ना!

शंकासुर

जाता जाता एक. २०१९ मध्ये बोसमध्ये मतपत्रिकेवर दोन माक्सिम बेर्निए होते. दुसरा गेंडा पक्षाचा, थट्टेखातर उभा राहिलेला. दोघांची मतं एकत्र केली तरी लेऊच पुढे राहतो, त्यामुळे निवडणूकवेडा, ते खातं उघडूच नका.