चिनी मुलांचा इंग्रजी शब्दसंग्रह आणि भाषांतर – मदत हवी आहे (तातडीने)

चिमणगाणी
दोन चिनी मुलांना इंग्रजी शिकवते आहे, एक मुलगा आणि एक मुलगी. शब्द खोऱ्याने पाठ आहेत, पण वाक्य लिहायला सांगितलं की सगळं मुसळ केरात. भाषांतरात तर गुणच पडत नाहीत. परीक्षा डोक्यावर आलीये. असं कुणी शिकवलंय का? नेमकं काय करून घ्यायचं ते सांगा. 'वाचन वाढवा' हे कृपया सांगू नका, तेवढा वेळ नाही.

उंटावरचा शहाणा
वाचन वाढवा.

शांघायकर
सीईटी-४ असणार, चीनमधल्या कॉलेजच्या मुलांची इंग्रजीची परीक्षा. त्यात १४०-१६० चिनी अक्षरांचा उतारा येतो, अर्धा तास मिळतो, १५ टक्के गुण असतात. विषय ठरलेले: चहा, सणवार, इतिहास, अर्थव्यवस्था. चिनी नववर्ष आणि कंदील यांवरची तयार वाक्यं घोकून घ्या. माझ्या ऑफिसातली पोरं अशीच पास झाली. परीक्षा जून आणि डिसेंबरला असते, म्हणजे वेळ आहे.

मिरजेची मास्तरीण
मुलं कितवीत आहेत? कुठल्या देशात? चिनीतून इंग्रजी की इंग्रजीतून चिनी? तुम्हाला चिनी येतं का? त्यांनी लिहिलेलं एखादं वाक्य तरी टाका. डॉक्टरकडे जाऊन नुसतं 'दुखतंय' म्हटल्यासारखं झालंय हे.

चिमणगाणी
बारावी हो! कॉलेज नाही. जानेवारीत असते ना, तीच परीक्षा. चिनीतून इंग्रजी. मला चिनी भाजीबाजारापुरतं येतं.

शांघायकर
चीनची बारावीची परीक्षा जूनमध्ये असते, ७ आणि ८ तारखेपासून. जानेवारीत कुठली काढलीत?

चिमणगाणी
तैवान. शिनचूला असतो आम्ही. शेजारची मुलं आहेत. भाषांतराची दोन वाक्यं, ८ गुण. निबंध २० गुणांचा. त्यांच्या शाळेतल्या बाई म्हणाल्या की भाषांतरात प्रत्येक चुकीला अर्धा गुण जातो.

शांघायकर
तैवान म्हणायचं मग आधीच. एवढं टाइप केलं मी.

डबा_ऐसपैस
तैवान असेल तर सोपं आहे. परीक्षा घेणाऱ्या केंद्राचीच यादी आहे, साधारण ६००० शब्द, सहा पातळ्या. अँकीत (पाठांतराच्या कार्डांचं ॲप) टाका, रोज ठरावीक कार्डं, विषय संपला. मी जर्मन असंच केलं.

धातुपाठी
अँकीने पोपट तयार होतात. लॅटिन धातू शिकवा. 'स्पेक्ट' म्हणजे पाहणे, एवढं कळलं की इन्स्पेक्ट, रिस्पेक्ट, प्रॉस्पेक्ट हाती लागतात.

डबा_ऐसपैस
रिस्पेक्टमध्ये कोण कोणाला पाहतंय? आणि जानेवारीपर्यंत लॅटिन?

शांघायकर
इथल्या कॉलेजच्या मुलांचा ठरलेला विनोद आहे: शब्दांच्या पुस्तकातला पहिला शब्द 'अबँडन'. तो पाठ होतो आणि पुस्तक तिथेच अबँडन होतं. याद्यांचं एवढंच खरं.

मिरजेची मास्तरीण
चिमणगाणीने लिहिलंय की शब्द पाठ आहेत. तरी सगळे शब्दांचेच उपाय सांगताय.

कायदेशीर_काका
पैसे घेता का? २०२१ च्या जुलैत चीनने खासगी शिकवण्यांवर टाच आणली. परदेशात बसलेल्या परदेशी शिक्षकांकरवी शिकवणंही बंद केलं. सांभाळून.

शांघायकर
काका, ते चीनमध्ये. ही तैवानमधल्या मुलांना तैवानमध्ये शिकवतेय.

कायदेशीर_काका
तरी नवऱ्याच्या व्हिसावर असाल तर कमाईची परवानगी आहे का ते विचारून घ्या.

चिमणगाणी
पैसे नाही घेत. त्यांची आई मला बँकेत, दवाखान्यात बोलायला मदत करते.

पुणेरी_पाहुणा
अवांतर: आम्हीही मार्चमध्ये शिनचूला येतोय. मिक्सर आणू का इथून?

चिमणगाणी
नको. इथे ११० व्होल्ट आहे, भारतातला मिक्सर नुसता कण्हतो. इथेच घ्या. आणि वाऱ्यासाठी जॅकेट आणा, या गावाची ख्यातीच वाऱ्याची आहे. आता कृपया विषयावर या! ही त्यांची वाक्यं (सगळ्यांना वाचता यावीत म्हणून देवनागरीत):

१) ऑल्दो इट रेन्ड, बट ही स्टिल केम.
२) देअर आर मेनी पीपल लाइक टू ईट स्टिंकी तोफू.
३) आय यस्टरडे बॉट द बुक इज व्हेरी एक्स्पेन्सिव्ह.

सिंगापुरी चाफा
आता बोलता येईल. माझ्याकडे चीन-तैवानहून आलेली मुलं शिकायला असतात, हीच वाक्यं रोज बघते.

पहिलं वाक्य. चिनीत 'स्वेरान' आलं की मागोमाग 'तानशी' येतं, आपल्या जरी-तरीसारखं. इंग्रजीत दोन्हींपैकी एकच ठेवायचं. 'बिकॉज' आणि 'सो' यांचंही तेच. नियम सांगत बसू नका. दोन्ही शब्द असलेली दहा वाक्यं द्या आणि एकावर काट मारायला लावा, कधी पहिल्यावर तर कधी दुसऱ्यावर.

दुसरं. चिनीतलं 'यौ' हे 'असणं' आणि 'जवळ असणं' दोन्हींना चालतं, आणि त्याच्यामागे आणखी एक क्रियापद खुशाल बसतं. मुलांना प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारायला सांगा. दोन रेघा आल्या आणि मधे हू, दॅट, अँड, टू यातलं काही नसेल, तर बहुधा घोळ आहे. इथे देअर आर उडवलं की झालं: मेनी पीपल लाइक टू ईट.

तिसऱ्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या, गुण तिथेच जातात. 'मी काल घेतलेलं पुस्तक' यात आपण सगळं वर्णन नामाच्या आधी लावतो. चिनीतही तसंच, फक्त मधे 'द' असतो (चिनी शब्द, इंग्रजीतला 'द' नव्हे). चिनी वाक्यात तो 'द' शोधायचा, त्याच्या पुढचं नाम उचलून आधी आणायचं आणि उरलेलं सगळं मागे लावायचं: द बुक आय बॉट यस्टरडे. इज व्हेरी एक्स्पेन्सिव्ह हे सगळ्यात शेवटी. 'द' पुष्कळ ठिकाणी येतो (आपलं चा-ची-चेसुद्धा त्यानेच होतं), म्हणून फक्त आधी क्रियापद असलेले निवडायचे.

आणि चिनीतला 'ल'. मुलं तो दिसला की डोळे मिटून भूतकाळ लावतात. तो क्रिया पुरी झाल्याचं सांगतो, काळ नव्हे. आपण 'उद्या जेवलो की निघतो' म्हणतो तेव्हा 'जेवलो' काही भूतकाळातलं नसतं. चिनीतही उद्याच्या जेवणाला 'ल' लागतो. म्हणून आधी वाक्यात काल, उद्या, दरवर्षी असं काय आहे ते पाहून काळ ठरवायचा, 'ल'कडे नंतर बघायचं.

शांघायकर
मराठीचा काय संबंध? मुलांना मराठी कुठे येतं?

सिंगापुरी चाफा
मुलांना नाही, शिकवणारीला येतं. चूक कुठून उगवली हे तिला पटकन दिसेल. आकड्यांचंच घ्या. चिनीत दहा हजारांचा 'वान' आणि दहा कोटींचा 'ई'. तैवानची लोकसंख्या मुलाच्या डोक्यात २३०० वान असते आणि तो सरळ 'ट्वेंटी थ्री हंड्रेड टेन थाउजंड' लिहितो. आपण लाख-कोटीतून मिलियनमध्ये जाताना जी कसरत करतो तीच ही. शून्यं लिहून उजवीकडून तीन-तीनच्या गटांनी स्वल्पविराम द्यायला लावा, २३ मिलियन आपोआप दिसतं.

शांघायकर
हे मात्र खरंय. आमच्या ऑफिसात यावरून एक कोटेशन दहापट चुकलं होतं.

चिमणगाणी
आज रेघांचा प्रकार केला. मुलगा तीन वाक्यांत स्वतःच थांबला! मुलीला पटलं नाही, ती म्हणते शाळेत असं नाही शिकवत. पण तिने हे लिहिलं: द प्राइस ऑफ द हाउस इन ताइपेइ इज व्हेरी एक्स्पेन्सिव्ह, सो यंग पीपल कॅनॉट अफोर्ड इट. बरोबर आहे ना?

मिरजेची मास्तरीण
हाउस नको, हाउसेस. मग शेवटी इटऐवजी देम.

सिंगापुरी चाफा
आणि प्राइसला हाय. एक्स्पेन्सिव्ह वस्तू असते, किंमत नव्हे. शब्दांचं काम उरलंय ते एवढंच: सुटे पाठ आहेत, जोडीने नाहीत. तिथली मुलं हमखास लर्न नॉलेज लिहितात, हवं असतं गेन नॉलेज. पॉप्युलेशनला मेनी लावतात, हवं असतं लार्ज. जुन्या प्रश्नपत्रिकांतली भाषांतराची वाक्यं काढा आणि त्यातल्या अशाच जोड्या उतरवून घ्या. नवा शब्द एकही नको.

डबा_ऐसपैस
जोड्या इथे टाका, अँकीचा डेक मी करून देतो. पुढच्या बाजूला चिनी, मागे पूर्ण इंग्रजी वाक्य.

धातुपाठी
गेनची व्युत्पत्ती रंजक आहे. लिहू का?

चिमणगाणी
जानेवारीनंतर! डबा, चिनी अक्षरं मुलीकडून टाइप करून घेते. पहिल्या चाळीस जोड्या शनिवारी टाकते.