गणपतीला गावी निघण्याआधी गाडीखाली वाकून बघा

(सोसायटीच्या ग्रुपवरचं बोलणं; नावांच्या जागी फ्लॅटचे नंबर आहेत.)

बी ३०२: सुप्रभात. बेसमेंटमध्ये १४ नंबरच्या गाडीखाली काहीतरी सांडलंय. फोटो टाकलाय. गाडी कोणाची?

सी ५०१: आमची. एसीचं पाणी असेल. काल रात्री चांदणी चौकात बराच वेळ अडकलो होतो, एसी सुरूच होता. उद्या पहाटे चिपळूणला निघायचंय, म्हणून रात्रीच टाकी फुल करून आणली.

ए १०४ काका: ताई, एसीचं पाणी साधारण डाव्या सीटच्या पुढे, पाय ठेवतो त्या भागाच्या खाली पडतं. त्याला रंग नसतो, वास नसतो. फोटोत ओल अगदी पुढे, नंबर प्लेटच्या मागे दिसतेय. एक पांढरा पुठ्ठा खाली सरकवा आणि थेंबाचा रंग बघा. बोटाला चिकट लागतं का तेही बघा, मग हात साबणाने धुवा.

बी ७०३: काका, रंगावरून नक्की कळतं?

ए १०४ काका: बरंचसं कळतं. हिरवं किंवा गुलाबी, चिकट आणि गोडसर वासाचं असेल तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव. काळं-तपकिरी म्हणजे इंजिन ऑइल. चाकाच्या आतल्या बाजूला पिवळसर, पातळ, तेलकट दिसलं तर ब्रेक ऑइल समजा, ती गाडी पार्किंगमधून हलवायचीच नाही. आणि पेट्रोलचा वास आला तर सेल्फसुद्धा मारू नका.

सी ५०१: गुलाबी आहे काका. चिकटही आहे. बोनेट उघडून बघितलं, कूलंटच्या बाटलीतली पातळी खालच्या रेषेच्याही खाली गेलीय. आत्ता पाणी भरून निघालं तर चालेल का? गॅरेजला आज खूप गर्दी असणार.

बी ७०३: मी तर नेहमी साधं पाणीच भरतो, आजवर काही झालं नाही.

ए १०४ काका: दादा, अडल्या वेळी पाणी चालतं, नेहमीसाठी नाही. आणि आपल्या बोअरचं तर मुळीच नको. बादलीला जे पांढरे थर बसतात तेच क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. कूलंट उशिरा उकळतं आणि आतून गंज धरू देत नाही, ते काम पाणी करत नाही.

ताई, खरी गोष्ट ही की भरून गळती थांबत नाही. पाइपची क्लिप सैल असेल, होज पाइप चिरला असेल, वॉटर पंप गळत असेल किंवा रेडिएटरला भोक असेल. शहरात चार किलोमीटर जाऊन परत आलं की कळत नाही. माणसं, सामान आणि एसी घेऊन घाट चढताना कळतं. चिपळूणला जाताना कुंभार्ली उतरायचा आहे, तेव्हा इंजिनवर ताण कमी. येताना तोच घाट चढायचाय, तोही परतीच्या रांगेत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर. म्हणजे जाताना गाडी ठीक वाटेल आणि येताना पोरांसकट रस्त्यात उभं राहावं लागेल. गर्दी असली तरी गाडी आजच दाखवा. एक दिवस उशिरा निघालात तरी चालेल.

मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी केली. घाटात तापलेल्या गाडीच्या रेडिएटरचं टोपण उघडून भाजलेले हात पाहिलेत, म्हणून सगळ्यांना कळकळीनं सांगतो. इंजिन गरम असताना ते टोपण उघडायचं नाही, वर ओलं फडकं टाकूनही नाही. आत दाब असतो. टोपण सैल होताच दाब उतरतो आणि उकळतं कूलंट कारंज्यासारखं तोंडावर येतं.

ए ६०२: पण गाडी तापतेय हे आधी कळणार कसं? माझ्या गाडीला काटाच नाही.

ए १०४ काका: बऱ्याच नव्या गाड्यांत काटा नसतो. थर्मामीटरसारखं चिन्ह असतं. थंड इंजिन सुरू केल्यावर निळं दिसतं, थोड्या वेळाने जातं. तेच लाल झालं तर गाडी तापली. काटा असेल तर तो नेहमीच्या जागेवरून वर सरकायला लागताच एसी बंद करा, हीटर पूर्ण सुरू करा, काचा खाली घ्या. उकडेल, पण इंजिनची बरीच उष्णता त्या वाटेने बाहेर पडते. लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली की बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि निदान अर्धा-पाऊण तास बोनेटखाली हात घालू नका.

ऑइलच्या किटलीचा लाल दिवाही असाच. तो लागला म्हणजे इंजिनमध्ये ऑइलचा दाब नाही. 'पुढच्या पंपापर्यंत जाऊ' म्हणून चालवत राहिलात तर इंजिन कामातून जातं. पिवळा दिवा म्हणजे लवकर दाखवून घ्या, लाल म्हणजे थांबा.

डी २०५: माझा पिवळा दिवा आहे, पण वेगळाच. डिझेल गाडी, २०२१ची. चौकोनात ठिपके असल्यासारखं चिन्ह. गाडी फक्त शाळा आणि भाजी एवढीच फिरते.

ए ६०२: वहिनी, तो डीपीएफचा दिवा. एप्रिल २०२० पासून बीएस ६, म्हणजे धुराचे कडक नियम आले, तेव्हापासून डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी धरणारी जाळी असते. ती काजळी जाळायला सायलेन्सर चांगला तापावा लागतो, आणि शाळेच्या फेरीत तो तापत नाही. नुसता पिवळा दिवा असेल तर हायवेला न थांबता वीस-पंचवीस मिनिटं एकसारख्या वेगाने चालवून आणा, २००० आरपीएमच्या आसपास. मॅन्युअलमध्ये तुमच्या गाडीसाठी नेमकं काय लिहिलंय तेही वाचा. तरी गेला नाही, किंवा गाडीची ताकद कमी वाटली, तर थेट सर्व्हिस सेंटर.

बी ३०२: काका, घाट उतरताना ब्रेक दाबला की माझ्या गाडीच्या चाकातून चिरका आवाज येतो. पावसामुळे असेल का?

ए १०४ काका: रात्रभर पावसात उभ्या गाडीच्या डिस्कवर हलका गंज चढतो. सकाळी दोन-चार ब्रेक मारले की तो आवाज जातो. दिवसभर येत असेल तर ब्रेक पॅड झिजत आलेत. लोखंडावर लोखंड घासल्यासारखी खरखर आली तर पॅड संपलेत, आता डिस्क खराब होतेय. पेडल मऊ लागलं किंवा नेहमीपेक्षा खोल जात असेल तर घाटाचं नावच घेऊ नका.

आणि ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं? याकडे कोणी बघत नाही, मला याचंच सर्वांत जास्त वाईट वाटतं. ते हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओल धरल्यावर ती हद्द १५५ पर्यंत उतरते. लांब उतारावर सतत ब्रेक दाबत राहिलं की ते आत उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पाय थेट तळाला जातो. साधारण दोन वर्षांनी बदलायचं, गाडी कमी चालली असली तरी.

उतरताना, ज्या गिअरला घाट चढता त्याच गिअरला उतरा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणं किंवा इंजिन बंद करणं अजिबात नको. इंजिन बंद पडलं की ब्रेक दगडासारखा जड होतो आणि स्टिअरिंगही.

ए ६०२: ऑटोमॅटिकला?

ए १०४ काका: एल (लो गिअर) असेल तर एल, नाहीतर मॅन्युअल मोडमध्ये दुसरा-तिसरा. नुसतं डी वर ठेवून ब्रेकवर उतरायचं नाही.

सी ५०१ (दुपारी ४.१५): काका, गाडी दाखवून आणली. खालचा होज पाइप क्लिपच्या जागी चिरला होता. मेकॅनिक म्हणाला, घाटात फाटलाच असता. पाइप, क्लिप बदलली, कूलंट भरलं. आता कात्रजपर्यंत फेरी मारून आलो, गळत नाहीये. उद्या पहाटेच निघतोय.

ए १०४ काका: छान झालं. निघण्याआधी इंजिन गार असताना पातळी पुन्हा बघा. नवीन कूलंट भरल्यावर आत अडकलेली हवा निघते आणि पातळी थोडी उतरते. अर्धा लिटर तयार कूलंट डिकीत ठेवा. आणि स्टेपनीत हवा आहे का?

सी ५०१: ते राहिलंच.

डी ४०१: माझ्याकडे हवा मोजायचा गेज आणि छोटा पंप आहे, संध्याकाळी ७ नंतर घेऊन जा. किती हवा भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर आहे. त्यात पूर्ण भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा दिलेला असतो, तो बघा. टायर थंड असतानाच मोजा. मी खालीच असेन, बी विंगच्या लिफ्टपाशी.